सुप्रजनन कायदे आणि सक्तीची नसबंदी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी समजेल असं लिहिलं आहे. एखाद्या मुद्द्याची दुसरी बाजू दुसऱ्या उत्तरात असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. 'मंदबुद्धी', 'सदोष', 'अपात्र' हे शब्द जुन्या कायद्यांचे आणि निकालांचे आहेत. आज ते कुणी वापरू नयेत, पण इथे ते मुद्दाम तसेच ठेवले आहेत, कारण माणसांची शरीरं त्याच शब्दांच्या आधारे कापली गेली.

१. सुप्रजनन म्हणजे नेमकं काय?

'युजेनिक्स' हा शब्द फ्रान्सिस गॉल्टन या ब्रिटिश संशोधकाने १८८३ साली घडवला. मराठीत त्याला सुप्रजनन किंवा सुप्रजाजननशास्त्र म्हणतात. गुरांची पैदास सुधारतात तशी माणसांचीही सुधारता येईल, हा त्यामागचा विचार. 'चांगल्या' घरांत जास्त मुलं व्हावीत हे त्याचं एक अंग, आणि 'वाईट' घरांत ती होऊच नयेत हे दुसरं. कायद्यांनी मुख्यतः हे दुसरं अंग उचललं.

आनुवंशिकता खरी आहे. पण गरिबी, भटकेपणा, लग्नाआधीचं मातृत्व, चोरी, शाळेत मागे पडणं हे सगळं एकाच सदोष बीजातून येतं, हे कधीच सिद्ध झालं नव्हतं. शिवाय अप्रभावी जनुक (आई आणि वडील दोघांकडून आला तरच लक्षण दिसतं असा) वाहणारी बहुतेक माणसं वरून धडधाकट दिसतात. त्यामुळे लक्षणं दिसणाऱ्यांची नसबंदी करून तो जनुक समाजातून हटत नाही. हे गणित १९१७ सालीच मांडलं गेलं होतं. कायदे त्यानंतरही होत राहिले.

२. कागदावर सही असेल तर ती नसबंदी 'सक्तीची' कशी?

सक्ती तीन वाटांनी येते. पहिली उघड असते: माणूस नाही म्हणतो, आणि कायदा त्याला टेबलावर आडवा करतो. दुसरी वाट लाचारीची. संस्थेतून सुटका, गर्भपाताची परवानगी, सरकारी मदत, पगार, यांपैकी काहीतरी नसबंदीला बांधलेलं असतं. तिसरी नकळत होते: दुसऱ्याच शस्त्रक्रियेच्या नावाखाली नळ्या कापल्या जातात (प्रश्न ७), किंवा बाळंतपणाच्या कळा सुरू असताना न समजणाऱ्या कागदावर सही घेतली जाते (प्रश्न १३).

म्हणून फक्त 'सही आहे का' एवढं पाहून भागत नाही. सही कुणाची, ती कधी घेतली, कागद कोणत्या भाषेत होता, आणि नाही म्हटलं असतं तर त्या व्यक्तीचं काय गेलं असतं, या चार गोष्टी पाहाव्या लागतात.

३. पहिला कायदा कुठे झाला, आणि नेमका तेव्हाच का?

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, १९०७ साली. त्याआधी १८९७ मध्ये मिशिगनमध्ये एक विधेयक आलं होतं, पण ते मंजूर झालं नाही. १९०५ मध्ये पेनसिल्व्हेनियात दुसरं मंजूर झालं, तर राज्यपाल सॅम्युअल पेनीपॅकर यांनी ते अडवलं.

तेव्हाच का, याचं एक कारण शस्त्रक्रियेत आहे. पूर्वी पुरुषाला निर्बीज करायचं म्हणजे वृषण काढायचे, आणि ते जनतेला उघडउघड क्रूर वाटे. पुरुषाची शुक्रवाहिनी नुसती कापून बांधण्याची पद्धत आली आणि सगळं सोपं झालं. हॅरी शार्प नावाच्या डॉक्टरने इंडियानातल्या तुरुंगात १८९९ पासून, म्हणजे कायद्याच्या आठ वर्षं आधीच, कैद्यांवर ही शस्त्रक्रिया सुरू केली होती. कायदा त्याच्या मागून आला. हा क्रम पुढेही अनेकदा दिसतो: आधी संस्थेतला डॉक्टर करायला लागतो, आणि मग त्याला संरक्षण हवं म्हणून कायदा येतो.

बायकांच्या बाबतीत मात्र ती कधीच छोटी शस्त्रक्रिया नव्हती. पोट उघडून, भूल देऊन बीजवाहिन्या कापाव्या लागत. प्रतिजैविकं येण्याआधी त्यात जीवही जायचा.

४. 'बक विरुद्ध बेल' खटल्यात काय झालं?

व्हर्जिनिया राज्याने १९२४ मध्ये नसबंदीचा कायदा केला. तो न्यायालयात टिकतो का हे पाहण्यासाठी लिंचबर्गजवळच्या सरकारी वसाहतीने, म्हणजे 'मंदबुद्धी' ठरवलेल्यांना ठेवण्याच्या संस्थेने, कॅरी बक या तरुणीची निवड केली. तिची आई एमा त्याच वसाहतीत होती. कॅरीला नुकतीच मुलगी झाली होती, आणि लग्न झालेलं नव्हतं. तिला सांभाळणाऱ्या कुटुंबातल्या नातेवाईकाने तिच्यावर बलात्कार केला होता, ही गोष्ट न्यायालयासमोर आलीच नाही.

आई मंदबुद्धी, मुलगी मंदबुद्धी, आणि नातही तशीच, अशी साखळी सरकारला दाखवायची होती. नात व्हिव्हियन तेव्हा जेमतेम सात-आठ महिन्यांची होती. एका समाजसेविकेने साक्ष दिली की बाळाच्या चेहऱ्यात काहीतरी वेगळं वाटतं, पण नेमकं काय ते सांगता येत नाही. तिसऱ्या पिढीचा पुरावा तो एवढाच. हॅरी लाफलिन या सुप्रजननाच्या प्रमुख पुरस्कर्त्याने कॅरीला एकदाही न भेटता तिच्याविरुद्ध लेखी मत पाठवलं.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २ मे १९२७ रोजी आठ विरुद्ध एक मतांनी कायदा वैध ठरवला. न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी लिहिलं की मतिमंदांच्या तीन पिढ्या पुरे झाल्या. त्यांनी आधार घेतला तो सक्तीच्या लसीकरणाच्या १९०५ च्या निकालाचा. त्या खटल्यात लस नाकारणाऱ्याला पाच डॉलर दंड झाला होता. पाच डॉलर दंड आणि कायमचं वंध्यत्व एकाच तत्त्वात बसवणं ही या निकालाची सर्वांत कच्ची जागा आहे. विरोधी मत पिअर्स बटलर यांचं होतं, पण त्यांनी त्याची कारणं लिहिली नाहीत.

१९ ऑक्टोबर १९२७ रोजी कॅरीची शस्त्रक्रिया झाली. व्हिव्हियन पुढे शाळेत गेली, एका सत्रात गुणवंतांच्या यादीत तिचं नावही आलं. १९३२ मध्ये, आठ वर्षांची असताना, आजारपणात ती गेली.

५. कॅरी बकला (प्रश्न ४) वकील मिळाला, सुनावणी झाली, अपीलही झालं. मग प्रक्रियेत चूक कुठे होती?

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण कागदोपत्री इथे काहीच चुकलं नव्हतं. सुरुवातीचे काही कायदे प्रक्रियेवर अडले होते. इंडियानाचा कायदा १९२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला तो बाजू मांडायची संधी देत नाही म्हणून. म्हणून लाफलिनने आदर्श कायद्याचा मसुदा केला आणि त्यात नोटीस, पालक, सुनावणी, अपील हे सगळं घातलं. व्हर्जिनियाचा कायदा त्याच धर्तीवर आहे.

आता आत डोकावून पाहा. कॅरीचे वकील अर्व्हिंग व्हाइटहेड हे त्याच वसाहतीच्या संचालक मंडळावर काम केलेले गृहस्थ. कायद्याचा मसुदा लिहिणारे आणि वसाहतीची बाजू मांडणारे ऑब्री स्ट्रोड हे त्यांचे जुने मित्र. व्हाइटहेड यांनी कॅरीच्या बाजूने एकही साक्षीदार आणला नाही. शाळेत तिची वागणूक आणि अभ्यास चांगला असल्याची शिक्षकांची नोंद होती, तीही मांडली नाही. कायद्याने सांगितलेली प्रत्येक पायरी पाळली गेली, आणि एकाही पायरीवर तिच्या बाजूने बोलणारं कुणी नव्हतं. सक्तीच्या नसबंदीच्या इतिहासात कायदा मोडून झालेल्या गोष्टींपेक्षा कायदा पाळून झालेल्या गोष्टी जास्त आहेत. जुन्या खटल्यात प्रक्रिया पूर्ण दिसली की अभ्यासकाने अधिक सावध व्हावं, ते यासाठी.

६. 'बक विरुद्ध बेल'चा निकाल (प्रश्न ४) आजही लागू आहे का?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो आजवर स्पष्टपणे रद्द केलेला नाही. 'स्किनर विरुद्ध ओक्लाहोमा' (१९४२) मुळे तो गेला, असं अनेकांना वाटतं. तसं झालं नाही. जॅक स्किनरवर कोंबड्या चोरल्याचा एक आणि दरोड्याचे दोन गुन्हे होते. ओक्लाहोमाच्या कायद्यात सराईत गुन्हेगारांची नसबंदी होती, पण पैशांचा अपहार करणाऱ्यांना सूट होती. कोंबडीचोराची नस कापायची आणि मालकाची तिजोरी साफ करणाऱ्या कारकुनाला सोडायचं, हा भेदभाव घटनेत बसत नाही, असं न्यायालय म्हणालं. मूल होऊ देणं हा मूलभूत हक्क आहे हेही त्यात आलं. पण 'बक' चुकीचा होता, असं त्यात कुठे म्हटलेलं नाही. २००१ मध्येही एका संघीय अपील न्यायालयाने सक्तीची नसबंदी दरवेळी घटनाबाह्य नसते, हे सांगताना त्याचाच दाखला दिला.

अमेरिकेत तीसहून अधिक राज्यांनी असे कायदे केले आणि ६०,००० हून जास्त लोकांची नसबंदी झाली. त्यातले सुमारे २०,००० एकट्या कॅलिफोर्नियातले. तिथला कायदा १९०९ चा, आणि तो रद्द झाला १९७९ मध्ये.

७. 'अपेंडिक्स काढलं' असं सांगून नसबंदी केल्याच्या गोष्टी खऱ्या आहेत का?

खऱ्या आहेत, आणि वेगवेगळ्या देशांतल्या आहेत. 'बक विरुद्ध बेल' खटल्यातल्या कॅरी बकची (प्रश्न ४) धाकटी बहीण डोरिस हिच्यावर १९२८ मध्ये अशीच शस्त्रक्रिया झाली. पोटावर व्रण दिसणारच होता, आणि त्याला अपेंडिक्स हे सोयीचं उत्तर होतं. ती आणि तिचा नवरा वर्षानुवर्षं मुलाची वाट पाहत राहिले. खरं कळलं तेव्हा ती म्हातारी झाली होती.

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात लेलानी म्युअर यांना १९५९ मध्ये, चौदाव्या वर्षी, हेच सांगितलं गेलं. त्यांनी सरकारवर दावा लावला आणि १९९६ मध्ये सुमारे ७,४०,००० कॅनेडियन डॉलर भरपाई मिळवली.

इंडियानात १९७१ मध्ये एका आईने पंधरा वर्षांच्या मुलीच्या नसबंदीसाठी अर्ज केला. न्यायाधीशाने मुलीला नोटीस न देता, तिला वकील न नेमता, सुनावणीही न घेता तो मंजूर केला. मुलीला सांगितलं अपेंडिक्स. लग्न झाल्यावर मूल होईना तेव्हा सत्य बाहेर आलं. १९७८ मध्ये 'स्टंप विरुद्ध स्पार्कमन' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की न्यायाधीशाने न्यायिक काम म्हणून ते केलं, म्हणून त्याच्यावर नुकसानभरपाईचा दावा चालणार नाही.

८. नाझी जर्मनीने हे अमेरिकेकडून घेतलं का?

बरंचसं घेतलं, पण 'नुसती नक्कल' म्हणणं बरोबर नाही, कारण जर्मनीत सुप्रजननाची स्वतःची जुनी चळवळ होती. 'आनुवंशिक रोगी संतती प्रतिबंधक कायदा' १४ जुलै १९३३ रोजी झाला आणि १ जानेवारी १९३४ पासून लागू झाला. सुप्रजननाचे अमेरिकी पुरस्कर्ते हॅरी लाफलिन यांचा आदर्श कायद्याचा मसुदा (प्रश्न ५) आणि कॅलिफोर्नियाचा अनुभव तिथल्या तज्ज्ञांसमोर होता. १९३६ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठाने लाफलिनला मानद पदवी दिली.

कायद्यात नऊ कारणं होती: जन्मजात मंदबुद्धी, स्किझोफ्रेनिया, उन्माद-नैराश्याचा आजार, आनुवंशिक अपस्मार, हंटिंग्टनचा आजार, आनुवंशिक अंधत्व, आनुवंशिक बहिरेपणा, गंभीर शारीरिक व्यंग आणि तीव्र दारूचं व्यसन. निकाल द्यायला खास 'आनुवंशिक आरोग्य न्यायालयं' होती. प्रत्येकात एक न्यायाधीश आणि दोन डॉक्टर. सरकारी डॉक्टर किंवा संस्थेचा प्रमुख अर्ज करू शकत होता. निकालानंतर माणूस आला नाही तर पोलीस त्याला घेऊन येत.

'मंदबुद्धी' ठरवण्यासाठी एक प्रश्नावली होती. ल्यूथर कोण होता, बिस्मार्क कोण, अमेरिका कुणी शोधली, नाताळ कधी असतो. म्हणजे शाळेत किती शिकलात तेच त्यात मोजलं जाई. खेड्यातल्या, शाळा लवकर सुटलेल्या माणसाला ही उत्तरं आली नाहीत की तो 'जन्मजात' मंदबुद्धी ठरे.

सुमारे ४,००,००० लोकांची नसबंदी झाली. शस्त्रक्रियेने सुमारे ५,००० दगावले, त्यात बायका जास्त. ऱ्हाइनलँडमधल्या, वडील आफ्रिकन वंशाचे असलेल्या काहीशे मुलांची नसबंदी १९३७ मध्ये झाली ती याही कायद्याबाहेर, गुपचूप. त्यांच्यासाठी नऊपैकी एकही कारण लागू नव्हतं.

९. युद्धानंतर जर्मनीत या लोकांना भरपाई लगेच का मिळाली नाही?

कारण नसबंदी न्यायालयाच्या आदेशाने झाली होती, आणि तसे कायदे 'सुसंस्कृत' देशांतही होते. युद्धानंतर नाझींवर चाललेल्या न्यूरेंबर्गच्या खटल्यांत बचाव पक्षाने अमेरिकी न्यायमूर्ती होम्स यांच्या निकालाचा (प्रश्न ४) दाखला दिलाच होता. पश्चिम जर्मनीच्या भरपाई कायद्याने या लोकांना नाझी छळाचे बळी मानलं नाही. १९८० मध्ये ५,००० मार्कांची एकरकमी मदत सुरू झाली. १९८८ मध्ये संसदेने या नसबंद्यांना नाझी अन्याय म्हटलं. ते न्यायालयांचे आदेश कायद्याने रद्द झाले १९९८ मध्ये, म्हणजे पहिल्या आदेशापासून चौसष्ट वर्षांनी.

१०. लोकशाही देशांत हे इतकी वर्षं कसं चाललं?

स्वित्झर्लंडच्या व्हो प्रांतात १९२८ मध्ये, डेन्मार्कमध्ये १९२९ मध्ये, नॉर्वे आणि स्वीडनमध्ये १९३४ मध्ये, फिनलंडमध्ये १९३५ मध्ये कायदे झाले. स्वीडनमध्ये १९७५ पर्यंत सुमारे ६३,००० नसबंद्या झाल्या, आणि त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त बायका होत्या. त्यातल्या किती सक्तीच्या, हे ठरवणं अवघड जातं, कारण बहुतेक अर्जांवर सही आहे. गर्भपात हवा तर नसबंदी करा, संस्थेतून घरी जायचं तर नसबंदी करा, अपस्मार आहे आणि लग्न करायचं तर नसबंदी करा, अशा त्या सह्या (प्रश्न २).

कल्याणकारी राज्य आणि सुप्रजनन एकमेकांच्या विरोधात नव्हते. मदत देणारं राज्यच 'मदत कुणाच्या मुलांना द्यायची' असा हिशेब मांडत होतं. १९९७ मध्ये वृत्तपत्रातल्या लेखमालेने स्वीडन हादरला, आणि १९९९ पासून प्रत्येकी १,७५,००० क्रोनर भरपाई सुरू झाली.

११. ब्रिटनमध्ये शब्द जन्मला, मग तिथे कायदा का झाला नाही?

प्रयत्न झाला. १९३१ मध्ये खासदार आर्चिबाल्ड चर्च यांनी विधेयक मांडायची परवानगी मागितली आणि ती १६७ विरुद्ध ८९ मतांनी नाकारली गेली. मजूर पक्षातल्या अनेकांना तो गरिबांवरचा वार वाटला. कॅथलिकांचा विरोध होताच. पोपने डिसेंबर १९३० च्या परिपत्रकात अशा नसबंदीचा निषेध केला होता. पण ब्रिटन अगदीच कोरा राहिला नाही. १९१३ च्या कायद्याने 'मंदबुद्धी' ठरवलेल्यांना संस्थांमध्ये डांबता येत होतं. मूल होऊ नये म्हणून माणसालाच कोंडणं हीसुद्धा सुप्रजननाचीच रीत होती.

१२. जपानचा कायदा १९९६ पर्यंत होता हे खरं का?

खरं. १९४८ चा 'सुप्रजनन संरक्षण कायदा' युद्धोत्तर लोकशाही संसदेने केला. सुमारे २५,००० नसबंद्या झाल्या आणि त्यातल्या सुमारे १६,५०० संमतीशिवाय. डॉक्टर अर्ज करी आणि प्रांतिक समिती मंजुरी देई. १९५३ मध्ये आरोग्य मंत्रालयाने कळवलं होतं की गरज पडल्यास माणसाला बांधणं, भूल देणं किंवा फसवणं चालेल.

नुकसानभरपाईचे दावे वीस वर्षांच्या मुदतीवर अडत होते. ३ जुलै २०२४ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा घटनाबाह्य होता असं सांगितलं आणि सरकारने या प्रकरणांत मुदतीची ढाल पुढे करणं अन्याय्य ठरवलं. ऑक्टोबर २०२४ च्या कायद्याने पीडित व्यक्तीला दीड कोटी येन आणि जोडीदाराला पन्नास लाख येन ठरले. मूल न होण्याचं दुःख दोघांचं असतं हे मान्य करणारी अशी तरतूद इतर देशांत क्वचितच दिसते.

१३. बाळंतपणाच्या टेबलावर घेतलेली सही कायद्याने चालते का?

आंतरराष्ट्रीय न्यायमंडळांनी सातत्याने 'नाही' म्हटलं आहे. स्लोव्हाकियातल्या रोमा या अल्पसंख्य समाजातल्या एका स्त्रीच्या खटल्यात (युरोपीय मानवी हक्क न्यायालय, २०११) प्रसूतीच्या नोंदीत 'रुग्णाला नसबंदी हवी आहे' असं टंकलिखित वाक्य होतं. खाली तिची सही होती. अक्षर थरथरतं, आणि आडनाव मध्येच तुटून दोन शब्दांत लिहिलेलं. कळा सुरू असताना, सिझेरियनच्या तोंडावर घेतलेली ती सही संमती नव्हे, असा निकाल झाला. अमानुष वागणुकीला बंदी घालणारं कलम मोडलं गेलं, असंही न्यायालय म्हणालं.

हंगेरीतल्या रोमा स्त्रीचं प्रकरण २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रीविषयक समितीपुढे आलं. गर्भ पोटात दगावला होता, तिला प्रचंड रक्तस्राव होत होता. कागदावर हाताने लिहिलेल्या, जेमतेम वाचता येणाऱ्या ओळीत नसबंदीसाठी लॅटिन शब्द होता. रुग्णालयात पोहोचल्यापासून सतरा मिनिटांत दोन्ही शस्त्रक्रिया उरकल्या. एवढ्या वेळात कुणालाही काही समजावून सांगणं शक्य नव्हतं, एवढा साधा हिशेब समितीने मांडला.

अमेरिकेत १९७३ मध्ये अलाबामातल्या चौदा आणि बारा वर्षांच्या दोन बहिणींची नसबंदी झाली. आईला लिहिता येत नव्हतं. इंजेक्शनं द्यायची आहेत असं समजून तिने फुली मारली होती. त्या खटल्यातून संघीय निधीतून होणाऱ्या नसबंदीसाठी नियम आले: वय किमान २१, सही आणि शस्त्रक्रिया यांत ३० दिवसांचं अंतर, सही १८० दिवसांनी बाद, आणि कळा सुरू असताना किंवा गर्भपाताच्या वेळी घेतलेली संमती अमान्य. अकाली प्रसूती किंवा तातडीची पोटाची शस्त्रक्रिया असेल तर ३० दिवसांऐवजी किमान ७२ तास. 'नाही म्हटलं तरी तुमच्या कुठल्याही सवलती जाणार नाहीत' हे तोंडी सांगणंही सक्तीचं केलं.

१४. भारतातली आणीबाणीतली नसबंदी मोहीम सुप्रजननात मोडते का?

काटेकोर अर्थाने नाही. सुप्रजनन 'कुणाला मुलं व्हावीत' हे ठरवतं, तर लोकसंख्या नियंत्रण 'किती व्हावीत' हे. १९७६-७७ या एका वर्षात सुमारे ८२ लाख नसबंद्या झाल्या, बहुसंख्य पुरुषांच्या. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालात १,७७४ मृत्यूंची नोंद आहे, आणि अविवाहितांची नसबंदी केल्याच्या ५४८ तक्रारी आहेत. मात्र उद्दिष्टाचा आकडा वरून आला की तो पूर्ण होतो गरिबाच्या दारात, आणि तिथे या दोन कल्पनांमधली रेषा पुसट होते.

एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. ही मोहीम बहुतांशी सरकारी हुकूम, पगार अडवणं, परवाने रोखणं यांवर चालली. सक्तीच्या नसबंदीचा कायदा देशात लागू नव्हता. तसा कायदा करायला सर्वांत पुढे गेलं ते महाराष्ट्र. तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक विधिमंडळाने १९७६ मध्ये मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून ते अमलात आलं नाही.

१५. कायदे रद्द झाल्यावर हे थांबलं का?

नाही. पेरूमध्ये १९९६ ते २००० या काळात, राष्ट्राध्यक्ष फुजिमोरी यांच्या सरकारच्या मोहिमेत, सुमारे २,७०,००० स्त्रियांची आणि २२,००० पुरुषांची नसबंदी झाली. त्यांत केचुआ ही मूलनिवासी भाषा बोलणाऱ्या डोंगराळ भागातल्या गरीब स्त्रिया मोठ्या प्रमाणात होत्या. कायदा स्वेच्छेचा होता, पण कर्मचाऱ्यांना आकडे दिलेले होते. कॅलिफोर्नियात कायदा १९७९ मध्ये गेला, पण राज्याच्या लेखापरीक्षकाने २०१४ मध्ये दाखवलं की आठ वर्षांत तुरुंगातल्या १४४ स्त्रियांच्या बीजवाहिन्या बांधल्या गेल्या आणि त्यातल्या किमान ३९ प्रकरणांत संमतीची प्रक्रिया नीट झाली नव्हती.

१६. सक्तीची नसबंदी आंतरराष्ट्रीय गुन्हा आहे का?

दोन वेगळ्या तरतुदी आहेत, त्यांची गल्लत होते. १९४८ च्या वंशसंहारविरोधी करारात एखाद्या गटात जन्म होऊ नयेत म्हणून केलेले उपाय येतात, पण तो गट नष्ट करण्याचा हेतू सिद्ध करावा लागतो. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय स्थापणाऱ्या १९९८ च्या रोम कराराने सक्तीची नसबंदी मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हणून नाव घेऊन नोंदवली. तिथे वंशसंहाराचा हेतू लागत नाही, पण नागरिकांवरच्या व्यापक किंवा पद्धतशीर हल्ल्याचा ती भाग असावी लागते. एकट्या डॉक्टरने केलेली सुटी घटना यात बसत नाही. ती देशातल्या फौजदारी कायद्यात किंवा भरपाईच्या दाव्यात जाते.

१७. भरपाईचे अर्ज कशामुळे फेटाळले जातात?

सर्वांत मोठं कारण कागद न मिळणं. चेक प्रजासत्ताकाने १ जुलै १९६६ ते ३१ मार्च २०१२ या काळातल्या पीडितांना ३,००,००० कोरुना देणारा कायदा २०२१ मध्ये केला, पण रुग्णालयांनी जुन्या नोंदी नष्ट केल्यामुळे अनेक स्त्रिया अडकल्या.

दुसरं कारण 'कुणाच्या आदेशाने' हे. नॉर्थ कॅरोलिनात सुमारे ७,६०० लोकांची नसबंदी झाली. २०१३ मध्ये एक कोटी डॉलरचा निधी ठेवला गेला, पण राज्याच्या सुप्रजनन मंडळाच्या मंजुरीने झालेल्या शस्त्रक्रियाच धरल्या. जिल्हा पातळीवर, मंडळाला न विचारता ज्यांच्या नळ्या कापल्या गेल्या, म्हणजे ज्यांच्याबाबत नियमही पाळला गेला नाही, त्या लोकांचे अर्ज बाद झाले. ३० जून २०१३ रोजी जी व्यक्ती हयात नव्हती, तिच्या वारसांनाही काही मिळालं नाही.

जुनी फाइल हाती आली तर आधी तारखा लावून पाहा: आदेश कधीचा, अपिलाची मुदत कधी संपली, शस्त्रक्रिया कधी झाली. मग अर्जदार कोण ते पाहा. नातेवाईक, संस्थाप्रमुख की समाजसेवक. शस्त्रक्रियेचं नाव 'सॅल्पिंजेक्टमी' असेल तर बीजवाहिन्या काढल्या आहेत. 'अपेंडेक्टमी' एकट्याने लिहिलं असेल तर भूलतज्ज्ञाची नोंद आणि पेशी तपासणीचा अहवाल शोधा. काढलेला भाग तिथे खऱ्या नावाने सापडू शकतो.

१८. मुलगी बौद्धिक अपंग असेल आणि आईवडिलांनीच संमती दिली तर?

इथे देशोदेशीचे कायदे खरोखर वेगळे आहेत. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ च्या 'ईव्ह' प्रकरणात सांगितलं की उपचारासाठी नसलेली नसबंदी दुसऱ्याच्या संमतीने करायला न्यायालयही परवानगी देऊ शकत नाही. पुढच्याच वर्षी ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने सतरा वर्षांच्या मुलीबाबत 'तिच्या हिताची' म्हणून परवानगी दिली. ऑस्ट्रेलियात १९९२ पासून पालकांची संमती पुरत नाही, न्यायालयात जावं लागतं. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत आजही न्यायालयीन आदेशाने ती होऊ शकते.

२००६ च्या अपंग हक्क करारातल्या कलम २३ नुसार अपंग व्यक्तींना, मुलांनाही, आपली प्रजननक्षमता इतरांच्या बरोबरीने राखण्याचा हक्क आहे. भारताच्या २०१६ च्या कायद्यातलं कलम १० त्याला धरून आहे: वंध्यत्व येईल अशी कोणतीही प्रक्रिया त्या व्यक्तीच्या स्वतःच्या, मोकळ्या आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय करता येत नाही.

पालक बहुतेकदा दोन कारणं सांगतात: पाळीच्या दिवसांतली स्वच्छता आणि बलात्काराची भीती. पहिल्यासाठी नळ्या बांधून काही होत नाही, कारण पाळी चालूच राहते; मग पिशवीच काढायचा आग्रह होतो, आणि ती तर आणखी मोठी शस्त्रक्रिया. दुसऱ्यासाठीही ती निरुपयोगी आहे. नसबंदीने गर्भ राहत नाही, पण बलात्कार थांबत नाही, आणि गर्भ न राहिल्याने तो उघडकीला येण्याची एक वाट मात्र बंद होते.

१९. लिंगबदलाची कायदेशीर नोंद हवी तर नसबंदी करा, ही अट यातच येते का?

येते, आणि ती शेवटपर्यंत टिकली, कारण तिला कुणी सुप्रजनन म्हणत नव्हतं. स्वीडनने १९७२ मध्ये ही अट घातली, २०१३ मध्ये काढली, आणि २०१८ पासून प्रत्येकी २,२५,००० क्रोनर भरपाई दिली. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१७ मध्ये फ्रान्सविरुद्धच्या प्रकरणात अशी अट खासगी जीवनाच्या हक्काविरुद्ध ठरवली. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने २५ ऑक्टोबर २०२३ रोजी ती घटनाबाह्य ठरवली. सुप्रजनन कायद्यावरचा निकाल (प्रश्न १२) त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत आला.